बहुजनांना सांगू नये

एडिसन, न्यू जर्सी
९ मार्च २०२५

राकेश,

आशीर्वाद लिहीत नाही. जय भीम लिहिते, कारण तो मी अनोळखी माणसालाही घालते.

काल तू फोन ठेवलास आणि मग माझा नंबर ब्लॉक केलास. मोठ्या बहिणीला गप्प करायला तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाला शेवटी एक बटण लागलं. ईमेल मी करणार नाही, कारण ईमेलला तू तळटीपा लावून उत्तर देतोस. म्हणून कागद. तोही तुझ्या अल्फारेटाच्या घरी नाही, युनिव्हर्सिटीतल्या तुझ्या विभागाच्या पत्त्यावर. घरचं टपाल आई काढते आणि माझं अक्षर तिला वाचता येतं. बघ, पहिल्याच परिच्छेदात तू मला तुझ्या कटात ओढलंस.

तू काय केलंस ते एकदा साध्या मराठीत लिहिते. तू ते इतक्या भाषांतून सजवलं आहेस की तुझं तुलाच ओळखू येत नसेल. डॉक्टरने शीला शंकरराव गजभिये या बाईला समोर बसवून सांगितलं की तुमच्या आतड्यात कॅन्सर आहे, ऑपरेशन करता येईल, पुढच्या भेटीपर्यंत काय ते ठरवा. बाईला इंग्रजी येत नाही. शेजारी मुलगा बसला होता, तिचा दुभाषा. मुलाने मराठीत सांगितलं, "आतड्याला सूज आहे आई, गोळ्यांनी उतरेल." अंगात रक्त कमी म्हणून दिलेल्या लोहाच्या गोळ्या तू तिला सूज उतरवायच्या म्हणून दिल्यास. मी औषधांच्या तपासणीत आयुष्य घालवलं, राकेश. गोळीत एक आणि लेबलवर दुसरं, याला आमच्याकडे गुन्हा म्हणतात.

आणि हे तू मला हसत सांगितलंस! आईने विचारलं म्हणे, "डॉक्टर एवढा वेळ बोलला अन् मराठीत एवढंच?" आणि तू म्हणालास, "इंग्रजी लांब असते आई." तुला वाटलं मीही हसेन.

नंतर तुझं समर्थन आलं. प्रत्येक वाक्याआड "ताई, लेट मी फिनिश." मी तुला फिनिश करू दिलं, तेव्हा कळलं की यात तुझी भीती नाही, भूतदयाही नाही, यात तू भाषांतर केलेला तत्त्वज्ञ, कॉर्डोबाचा काझी आहे. आठशे वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाला तू आईच्या पलंगाशी आणून बसवलंस.

तो काझी मलाही माहीत आहे. त्याच्या ग्रंथाचं तू पाठवलेलं मराठी भाषांतर मी दोनदा वाचलं. बुद्धीने गवसलेलं आणि ग्रंथात उतरलेलं यांचं भांडण असूच शकत नाही, आणि दिसलंच तर ग्रंथाचा अर्थ नव्याने लावावा, असं बाराव्या शतकात म्हणायला छाती लागते. इथवर मी त्याला उभी राहून सलाम करते. पण पुढे तो माणसांचे तीन ढीग करतो. सिद्धतेने पटणारे थोडे. वादाने पटणारे त्याहून जास्त. आणि नुसत्या वक्तृत्वाने, दृष्टांताने पटणारे बाकी सगळे. वरच्यांना कळलेला खोल अर्थ खालच्यांना सांगायचा नाही. त्यांना झेपत नाही, त्यांची श्रद्धा मोडते आणि हाती दुसरं काही येत नाही. काझी स्वतः वैद्य होता, त्यामुळे दाखलाही वैद्याचाच देतो. नागपुरातल्या इंदोऱ्याच्या गल्लीत वाढलेल्या पोराला ही उतरंड ओळखू आली नाही?

नाही आली. उलट तू तिला मराठीत आणलीस. मूळ अरबी शब्द 'जमहूर', म्हणजे सर्वसामान्य लोक, बहुसंख्य. त्याच शब्दातून पुढे लोकशाहीसाठी जम्हूरियत हा शब्द निघाला. तू त्याचं मराठी काय केलंस? "हा अर्थ बहुजनांना सांगू नये."

बहुजन! अरे, तुझ्या बापाचं एकही भाषण या शब्दाशिवाय संपलं नाही. बहुजनांच्या हितासाठी, बहुजनांच्या सुखासाठी, हे त्याने टपाल खात्याच्या युनियनमध्ये ओरडून ओरडून घसा घालवला. आणि त्याच्या मुलाने, पीएच.डी. झालेल्या मुलाने, तो शब्द उचलून कुठे ठेवला, तर ज्यांच्यापासून लपवायचं त्यांच्या जागी. आणि मग आईला त्या शब्दात बसवलं.

तू म्हणशील, मग बगदादचा तो दुसरा बरा होता का, ज्याने ग्रंथ लिहून तत्त्वज्ञांची चामडी सोलली? कापूस आगीने जळत नाही, देव जाळतो, म्हणणारा? नव्हता. पण एक गंमत सांगते, जी तुझ्या तीनशे पानांत नाही. हे दोघे कागदावरचे वैरी, एक मेल्यावर दुसरा जन्मला. एक बुद्धीचा वकील, एक श्रद्धेचा. सगळ्यावर भांडले. एकाच गोष्टीवर भांडले नाहीत, ती म्हणजे सामान्य माणसाला जास्त सांगू नये. तिथे श्रद्धा आणि बुद्धी यांचं छान जमलं. वरच्या मजल्यावरच्यांचं नेहमीच जमतं.

आणि पुढे काझीवर पाळी आली, त्याला हद्दपार केलं, पुस्तकं जाळली, तेव्हा तुझे बहुजन कुठे होते? बघत उभे होते. का नसतील? ज्यांना आयुष्यभर दाराबाहेर ठेवलं, ते आग लागल्यावर घागर घेऊन का धावतील?

त्या दोघांच्याही आधी रय नावाच्या शहरात एक तत्त्वज्ञ वैद्य होऊन गेला. तो म्हणत होता की बुद्धी सगळ्यांना सारखीच मिळाली आहे. शिंपी त्याच्या कामात ती लावतो, तू तुझ्या कामात. तुझ्या भाषांतरात त्याच्यावर अर्धी ओळ आहे. अर्धी ओळ!

चार एप्रिलला डॉक्टरची पुढची भेट आहे. त्याआधी आईला खरं सांग. तिचं आतडं आहे. तुझ्या प्रबंधाचं परिशिष्ट नाही.

भावना


एडिसन
१९ मार्च

राकेश,

तुझी ईमेल आली. एकच ओळ. "ताई, तूही दर रविवारी आईशी तासभर बोलतेस, मग तू का नाही सांगत?" तळटीप नाही, याबद्दल अभिनंदन.

प्रश्न चलाख आहे. चलाख प्रश्न मी व्यासपीठावरून पुष्कळ परतवले आहेत. ऐक. ज्याने वाकडं शिवलं त्यानेच उसवायचं, हा आईच्या शिवणवर्गाचा नियम होता. हे पहिलं कारण. दुसरं, ही फोनवर सांगायची गोष्ट नाही. तिसरं लिहिलं होतं, खोडलं. कागद उजेडात धरून वाचायचा प्रयत्न करू नकोस.

या रविवारी बोलणं झालं. ती म्हणाली, "भावना, घसा काहून बसला तुझा? कुठं भाषण ठोकून आली?" मी म्हटलं, हो, तयारी चालू आहे. ती म्हणाली, "तुझ्या बापासारखं नको करू, लोक जेवायले थांबतात." मग मी अंबाडीची भाजी विचारली. इथल्या ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानात अंबाडी मिळाली होती, आणि डाळ किती घालायची ते मला खरंच आठवत नव्हतं. त्यात वीस मिनिटं गेली. तिचा आवाज खणखणीत होता. मध्ये एकदा म्हणाली, "राकेशच्या गोळ्यानं बरं वाटते मले." मी म्हटलं, छान.

पुढच्या ओळीला हसू नकोस. भाषणाचा विषय मी 'बुद्धी कुणाची?' असा ठेवला आहे. भीमजयंतीचा कार्यक्रम नेहमीसारखा मिडल स्कूलच्या हॉलमध्ये आहे. काल आमच्या समितीचा सचिव, संजीव, घरी आला. सॉफ्टवेअरमध्ये आहे, चेहऱ्यावर सतत मीटिंगमध्ये असल्याचा भाव असतो. पोहे खाऊन म्हणाला, "ताई, यंदा टॉपिक जरा लाइट ठेवा ना. हे मध्ययुगीन अरब वगैरे पब्लिकच्या डोक्यावरून जाईल."

मी म्हटलं, "पब्लिक म्हणजे कोण?"

"म्हणजे आपलेच लोक, यार. फॅमिली घेऊन येतात."

"तू त्यात आहेस का?"

"मी? मी कमिटीत आहे, ताई."

बघ. काझी मेला नाही. तो एडिसनमध्ये हुंडाई चालवतो. प्रत्येक माणूस आपल्या खाली एक पब्लिक धरून बसला आहे, ज्याला झेपत नाही. मी 'झेपत नाही' हे शब्द ज्याच्या तोंडून ऐकले तो आजवर कधी स्वतःबद्दल बोलत नव्हता. संजीवला मी असं झापलं की त्याने दुसऱ्यांदा पोहे घेतले नाहीत.

तू सांगितलंस का तिला? नाही सांगितलंस. सांगितलं असतंस तर रविवारी ती गोळ्यांचं कौतुक करत बसली नसती. तू दरवर्षी विद्यार्थ्यांना शिकवतोस की श्रद्धेचा पाया तपासला पाहिजे. तुझ्या घरातल्या एका बाईची श्रद्धा लोहाच्या गोळीवर उभी आहे आणि तू खाली हात लावून ती सांभाळतो आहेस. लाज वाटत नाही?

उत्तर पाठवू नकोस. मी तिकीट काढलं आहे. तू शिकागोला परिषदेला जाणार आहेस हे तुझ्या विभागाच्या वेबसाइटवर आहे. माझी वेळ मी निवडली, हे तुला भ्याडपणाचं वाटेल. वाटू दे.

भावना


अल्फारेटा
३० मार्च

राकेश,

हे पत्र तुझ्या टेबलावर ठेवते आहे, तुझ्या त्या भाषांतराच्या गठ्ठ्यावर. परत आल्यावर बॅग टाकायच्या आधी वाच.

सांगितलं.

रुपालीने दार उघडलं तेव्हाच तिला कळलं की मी कशाला आले. तुझी बायको तुझ्यापेक्षा हुशार आहे. म्हणाली, "ताई, मी चहा टाकते आणि अनिकाला घेऊन बाहेर जाते," आणि गेली. चहा विसरली.

आई खिडकीशी बसून नातीच्या, अनिकाच्या, पँटची खालची पट्टी दुमडत होती. मी विमानात पूर्ण मांडणी केली होती. आधी बाबा, मग तिचं धैर्य, मग विषय. हजार माणसांसमोर मला कधी कागद लागला नाही. खुर्ची ओढून बसले आणि तोंडातून एवढंच निघालं, "आई, तुझ्या पोटात सूज नाही. कॅन्सर आहे."

सुई थांबली नाही. टाका घालून झाल्यावर तिने दोरा दाताने तोडला. "कोणं सांगतलं?"

"डॉक्टरनेच. त्या दिवशी, तुझ्यासमोर. राकेशने मराठीत वेगळं सांगितलं."

"तुले कधी माहीत झालं?"

"त्याच दिवशी."

तिने सुईत नवा दोरा ओवला. "म्हणजे तू मले अंबाडीत डाळ किती घालू विचारत होती, तेव्हा तुले माहीत होतं?"

"हो."

"अन् मी सांगत होती."

राकेश, तुझ्यावर मी दोन पत्रांत जेवढं लिहिलं ते सगळं त्या एका वाक्याने माझ्याकडे वळवून ठेवलं. हे तुला आवडेल म्हणून लिहीत नाही. झालं तसं लिहिते.

मग तिने विचारायला सुरुवात केली. "कोणतं आतडं? मोठं का लहान?" मला माहीत नव्हतं. "कुठं कुठं पसरलं?" माहीत नव्हतं. "ऑपरेशन केलं तं किती वर्षं, नाही केलं तं किती?" मी म्हटलं, राकेशला माहीत असेल.

"सगळं राकेशले माहीत. मग तू काय घेऊन आली एवढ्या दुरून?"

"तुला कळलं पाहिजे, हे."

"कळलं," आई म्हणाली. "आता चहा ठेव, रुपाली विसरली."

मी, औषधांच्या तपासणीत हयात घालवलेली बाई, तुझ्याकडे रिपोर्ट मागितला नाही. तीन आठवडे मी तत्त्वावर भांडत होते आणि तिच्या पोटातली गाठ केवढी हे विचारायचं मला सुचलं नाही. यावर तू एक शब्दही बोलणार नाहीस. तो हक्क तुझा नाही.

चहा झाल्यावर ती न्हाणीघरात गेली. नळ बराच वेळ चालू होता. बाहेर आली तेव्हा चेहरा पुसलेला होता आणि गोळ्यांची बाटली हातात होती. "याची श्रद्धा नव्हती मले," ती म्हणाली. "आणणाऱ्याची होती." बाटली तिने फेकली नाही, उगाच नाटक करू नकोस. रक्तासाठी आहेत म्हटल्यावर परत कपाटात ठेवली. तिने जी गोष्ट फेकली ती बाटली नव्हती, आणि ती तुझी होती.

आता तू घरी येशील आणि म्हणशील, ताईने आईचा विश्वास मोडला. मी मोडला नाही. तो तू विकत घेऊन उधळलास, मी फक्त तिला रिकामी पेटी दाखवली.

भावना


अल्फारेटा
१ एप्रिल

राकेश,

एका छताखाली राहून तुला पत्र लिहायची वेळ यावी! पण काल स्वयंपाकघरात तू जे केलंस त्यानंतर बोलणं मला किळसवाणं वाटतं. दाराखालून सरकवते आहे.

तू भांडलास, ते ठीक. पण इंग्रजीत भांडलास. "यू ब्रोक हर, ताई. यू ब्रोक हर." वर आई जागी होती म्हणून इंग्रजी, नाही का? बहुजनांना कळू नये! मी मुद्दाम मराठीत ओरडले. अनिका जिन्यावर उभी राहून म्हणाली, "यू गाइज, आजी कॅन हिअर टोन." घरात तेवढी एकच शहाणी निघाली.

मग आई खाली आली आणि तिने रिपोर्ट वाचायला सांगितला. तू वाचलास. बरा वाचलास, हे मान्य. मोठं आतडं, गाठ अमुक एवढी, आजूबाजूच्या लसिकाग्रंथींत थोडं पसरलेलं. ती म्हणाली, "झालं? सगळं वाचलं?" तू म्हणालास हो. तिने माझ्याकडे पाहिलं. "सगळं वाचलं का यानं?" मी म्हटलं हो. तिने आळीपाळीने आपल्या दोघांकडे पाहिलं आणि म्हणाली, "तुम्ही दोघं एकाच शाळेत शिकले." आणि वाटाणे सोलायला घेतले. त्या दोन 'हो'ला आता बाजारात किंमत नाही. तुझ्याला तर नाहीच, पण माझ्यालाही नाही, याचं दुःख मी तुझ्या खात्यात टाकते.

जेवताना ती म्हणाली की ऑपरेशन करायचं की नाही ते तिने ठरवलेलं नाही. नागपूरला जावंसं वाटतं. इंदोऱ्यातलं घर, शेजारणी, ताजबागच्या दर्ग्यात एकदा डोकं टेकवायचं. आणि तू, साहेब, ताडकन उभा राहिलास. आकडे! पाच वर्षांत शंभरातले किती जगतात याचे आकडे! "आई, बी रॅशनल." जो माणूस महिनाभर म्हणत होता की हिला सत्य झेपत नाही, तो आता तिला टक्केवारी शिकवत होता. तिच्या समजुतीशी तुला कधी देणंघेणं नव्हतं, राकेश. तिचं उत्तर तुझ्या मनातल्या उत्तराशी जुळलं पाहिजे, एवढंच. जुळत होतं तोवर तू काझी होतास, जुळेना तेव्हा सर्जन झालास.

ताजबागेचं म्हणशील तर मला ते पटत नाही, कधीच पटलं नाही. बाबा जाताना वाटभर तिला बुद्धिवादाचं व्याख्यान द्यायचे आणि येताना तिथले पेढे खायचे. मला पेढेही पटले नाहीत. पण कुणी कशापुढे डोकं टेकवावं याचं भाषण मी तिला सत्तराव्या वर्षानंतर देणार नाही.

आणि मग तू गॅरेजमध्ये मला गाठलंस. विनवणी! "ताई, तू कुणालाही पटवू शकतेस. तिला पटव ना ऑपरेशनसाठी. तुझं वक्तृत्व कशासाठी आहे मग?" तुझे डोळे भरले होते. ते मी पाहिले. मी दगड नाही.

तरी उत्तर नाही असंच आहे. वक्तृत्व हजार माणसांसाठी असतं, जी उठून जाऊ शकतात. आजारी बाई पलंगावरून उठून कुठे जाणार? तिला शब्दांत कोंडणं आणि तिच्यापासून शब्द लपवणं, या दोन धंद्यांत मला फरक दिसत नाही. तुझ्या त्या तीन ढिगांतल्या तिसऱ्या ढिगात मी आईला टाकू देणार नाही, आणि त्या ढिगावर उभी राहून बोलणारीही मी होणार नाही.

मला स्वतःला काय वाटतं, तिने काय करावं, ते मी लिहिणार नाही. रुपाली तुला सांगेल की पहाटे मी आईच्या दाराशी उभी होते. पाणी प्यायला उठले होते.

ताई


अल्फारेटा, दवाखाना
४ एप्रिल

राकेश,

तू समोर बसला आहेस, मध्ये दोन खुर्च्या सोडून, आणि मी तुला पत्र लिहिते आहे. तू मघापासून एकच मासिक उलटं धरून वाचतो आहेस. सांगणार नाही.

जे झालं ते तुझ्या डोळ्यांसमोर झालं, तरी लिहिते, कारण उद्या तू त्याचाही अर्थ नव्याने लावशील. नर्सने नाव पुकारलं. तू सवयीने उठलास. तुझ्यामागे मी उठले, तू काही गाळलंस तर पकडायला. आईने पदर खोचला आणि नर्सला म्हणाली, "इंटरप्रिटर प्लीज."

नर्सने तुझ्याकडे पाहिलं. तू म्हणालास, "आय ॲम हर सन, आय इंटरप्रेट."

"नो सन," आई म्हणाली. मग माझ्याकडे बोट. "नो डॉटर."

अनिकाने शिकवलं तिला. काल दुपारी दोघी शिवायला बसल्या होत्या आणि मला वाटलं पँटचं काम चाललंय. रुग्णाने मागितला तर इथे दुभाषा फुकट मिळतो, हे तिने आजीला सांगितलं. तुला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मला माहीत नव्हतं, कारण मी विचारलं नव्हतं.

नर्सने चाकांच्या काठीवर बसवलेला एक पडदा ढकलत आणला. पडद्यावर एक बाई आली, कानाला यंत्र लावलेली. "नमस्कार. मी आपली दुभाषी. डॉक्टर जे बोलतील ते सगळं मी आपल्याला मराठीत सांगेन आणि आपण जे बोलाल ते सगळं त्यांना इंग्रजीत. मी काही वाढवणार नाही, काही गाळणार नाही." अस्सल सदाशिव पेठी उच्चार. मी दात आवळले. गजभियेबाईंच्या पोटाचं गुपित उघडायला शेवटी पुण्याची वाणी लागावी! आईला त्याचं काही नव्हतं. ती पडद्याकडे वाकून म्हणाली, "कुठं राहते बाई तू?"

बाई गडबडली. म्हणाली, ते सांगायची परवानगी नाही.

"बरं नको सांगू. पण बाकी सगळं सांगशील ना?"

"सगळं सांगेन, आजी."

आई वळली, आपल्या दोघांना म्हणाली, "बसा," जसं शिवणवर्गातल्या मुलींना म्हणायची, आणि पडद्याबरोबर आत गेली. दार लागलं.

अर्ध्या तासाहून जास्त झालं. एका अनोळखी पगारी बाईवर तिने विश्वास टाकला आणि आपण पोटची पोरं बाहेर. मी याला श्रद्धा म्हणू की बुद्धी? तुला विचारत नाही. तू पुस्तक काढशील. मला एवढं दिसतं की त्या बाईने आईकडून काहीच मागितलं नाही, तिने धीट व्हावं असंही नाही आणि भाबडी राहावं असंही नाही. आपण दोघांनी मागितलं. तू भाबडी आई मागितलीस. मी, सांगूनच टाकते, मी धीट आई मागितली. ती तयार करून हवी होती मला, चौदा तारखेच्या भाषणात सांगता येईल अशी.

मी हे लिहीत असताना तू विचारलंस, "काय लिहितेस?"

मी म्हटलं, "तुलाच."

"मग बोल ना."

"तू फोन ब्लॉक केला आहेस."

तू खिशातून फोन काढलास, काहीतरी दाबलंस, आणि माझ्या पर्समध्ये फोन वाजला. दवाखान्यात, सगळ्यांसमोर. मूर्ख माणसा! समोरची म्हातारी दचकली. मी तो उचलला नाही.

दार उघडलं.

आई बाहेर आली. तिच्या हातात चार-पाच कागद होते, ते तिने नीट दुमडून पिशवीत घातले. तू म्हणालास, "काय ठरलं, आई?"

"ठरलं."

"काय पण?"

"घरी सांगते. सगळ्यायले एकदम. तू, ही, रुपाली, अनिका. सगळ्यायले एकच सांगीन, एकदाच सांगीन. एकाले हे अन् दुसऱ्याले ते, असं नाही."

"आई, निदान हो की नाही तेवढं..."

"राकेश, गाडी आण."

तू गाडी आणायला गेला आहेस. ती माझ्या शेजारी बसली आहे. चेहऱ्यावरून मला काही कळत नाही, आणि मी चेहरे वाचण्यात चाळीस वर्षं काढली. ती म्हणाली, "डॉक्टर चांगला बोलते. माहीत नव्हतं." नंतर म्हणाली, "भूक लागली."

ती हो म्हणाली असेल तर काय, नाही म्हणाली असेल तर काय, दोन्हींची भीती वाटते. जे काही असेल ते जेवणाच्या टेबलावर, अनिकाच्या शेजारी बसून, तिच्याइतकंच मला कळेल. त्याच्या आधी नाही आणि तिच्याहून जास्त नाही. मी हेच मागत होते ना? मग मला इतकं जड का जातंय, ते मला विचारू नकोस.

तुझी गाडी दिसली. वळण चुकवलंस, पुन्हा फिरून येतो आहेस. हे पत्र मागच्या सीटवर ठेवते.

वाटेत तिला काही समजावू नकोस. रस्ताभर गप्प बसून गाडी चालव. मीही तोंड उघडणार नाही. हे वाक्य जपून ठेव, माझ्याकडून पुन्हा मिळायचं नाही.

ताई